बाई, वरून नका भादरू

पावसाळा सरला की लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात आधी बागेची हजेरी घ्यावी लागते. हस्ताचा पाऊस ओसरतो, नागफणीच्या कड्यावरचं धुकं सकाळी लवकर वर चढू लागतं. चार महिने ज्या झाडांकडे छत्री सावरत जेमतेम बघता आलं, त्यांतली कोणती राहिली आणि कोणती गेली ते त्या आठवड्यात कळतं. २०११ साली मी अशी पहिली हजेरी घेतली. जूनमध्ये लावलेल्या २२ झुडपांपैकी ७ उरली होती.

लोणावळ्यात अठ्ठावीस वर्षं मी मुलांना जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर कुरवंड्यात तीन गुंठ्यांवर छोटं घर बांधलं. भोवती मोठे वृक्ष नकोत, हे पहिल्यापासून ठरलं होतं. गाव घाटमाथ्याच्या अगदी कडेला आहे. कोकणातून कडा चढून येणारा वारा आषाढात पत्रे उचलतो, तिथे घरालगत उंच झाड म्हणजे टांगती तलवार. माणसाच्या उंचीची, वाऱ्यात वाकून पुन्हा उभी राहणारी झुडपंच हवी होती. मी रोपवाटिकेत गेले आणि जे डोळ्यांना आवडलं ते घेऊन आले: ८ गुलाब, ५ बोगनवेली, २ रोझमेरी, ३ तगरी, २ अडुळसे, एक अनंत आणि एक जास्वंद. झाडं कुठे लावणार, तिथे पाऊस किती पडतो, हे मला तिथे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

गुलाब, बोगनवेली आणि रोझमेरी, सगळ्या गेल्या. उरलेली सातही जगली. ही काही नशिबाची गोष्ट नव्हती.

पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लोणावळ्यात साडेचार हजारांच्या आसपास. अंतर साठ-पासष्ट किलोमीटरांचं आणि पाऊस सहापट. बोगनवेल मूळची ब्राझीलची. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या गलबतावरच्या वनस्पतितज्ज्ञाने, कॉमरसनने, ती १७६७ साली रिओच्या परिसरात टिपली आणि कप्तानाचं नाव तिला मिळालं. ती फुलते पाण्याचा ताण बसल्यावर. पुण्यात, सोलापुरात ती भर उन्हाळ्यात पेटल्यासारखी दिसते ती त्यामुळे. कुरवंड्यात तिच्या मुळाशी जुलैभर पाणी साचलं आणि मुळं कुजली. गुलाबांच्या पानांवर आधी काळे ठिपके आले, मग पानं गळाली, मग काड्या टोकाकडून काळ्या पडत खाली सुकत गेल्या. गंमत अशी की मावळचे गुलाब परदेशात जातात. फेब्रुवारीत व्हॅलेंटाईन डेच्या आधी पवन मावळातून गुलाबाच्या पेट्या विमानाने रवाना होतात. पण ते सगळे पॉलिहाउसमधले. पानावर पावसाचा थेंब पडू नये म्हणूनच तर ते छप्पर असतं. हे मला ठाऊक होतं, तरी गुलाब लावताना त्याचा अर्थ मी माझ्या अंगणाला लावला नव्हता.

त्या हिवाळ्यात मी काहीच लावलं नाही. रोज संध्याकाळी गावातून नागफणीच्या वाटेने चालायला जायचं आणि डोंगराने स्वतः काय लावलंय ते वहीत उतरवायचं, एवढंच केलं. हे काम माझ्याआधी फार मोठ्या माणसाने केलेलं आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले प्राध्यापक, जन्माने स्पॅनिश असलेले फादर सांतापाव, वर्षानुवर्षं खंडाळ्याच्या परिसरात हिंडले आणि त्यांचं खंडाळ्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक १९५३ साली निघालं. आपल्या दारातल्या डोंगराची इतकी बारकाईने केलेली नोंद फार थोड्या गावांच्या वाट्याला येते.

माझ्या वहीत त्या हिवाळ्यात पहिलं नाव पडलं ते करवंदाचं. कातळाच्या भेगेत मूठभर माती मिळाली तरी करवंद उभं राहतं. पान जाड, चकचकीत, वर्षभर हिरवं. काटे असे की गुरं तोंड लावत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरी सुवासिक फुलं, मे महिन्यात काळी करवंदं. लोणावळ्याच्या बाजारात ठाकर-कातकरी बायका पानांच्या द्रोणात घेऊन बसतात ती हीच.

दुसरी धायटी. थंडी संपता संपता तिच्या काड्यांवर शेंदरी-लाल नळीसारखी फुलं इतकी दाटतात की काडी दिसत नाही, आणि सूर्यपक्षी दिवसभर तिथून हलत नाहीत. आयुर्वेदात हिला धातकी म्हणतात. आसवं-अरिष्टं आंबवण्यासाठी तिची सुकलेली फुलं घालतात.

मग निरगुडी, जिच्या पाल्याचा शेक इथे प्रत्येक घरात सांधेदुखीवर घेतला जातो. मग भारंगी, जिची कोवळी पानं पहिल्या पावसात भाजीला येतात. कडवट भाजी, पण कांदा घालून परतली की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. आणि भूतकेस. हे झुडूप मी बागेत लावलं तेव्हा पाहुण्यांनी ते परदेशी समजून नाव विचारलं होतं. फूल छोटं, नारिंगी. त्याच्या पाच निदलांपैकी एखादं मोठं होऊन दुधासारखं पांढरं पान बनतं. श्रावणातल्या अंधाऱ्या दुपारी ही पांढरी पानं लांबून दिव्यासारखी दिसतात. अशा झुडपाला रोपवाटिकांत जागा नाही आणि कुंपणाला पिवळा ड्युरांटा मात्र मैलोगणती, याचं मला आजही वाईट वाटतं.

एक नाव वहीत होतं पण बागेत आणलं नाही, ते घाणेरीचं. तिला टणटणीही म्हणतात. रंगीत फुलांमुळे पुष्कळ जण हौसेने लावतात. ती मूळची अमेरिकेची, ब्रिटिशांच्या काळात शोभेसाठी इथे आली आणि आता डोंगरच्या डोंगर गिळत चालली आहे. गुरांनी खाल्ली तर विषबाधा होते. ती लावू नका. दारात आपोआप उगवली तर फुलं येण्याआधी मुळासकट काढा.

इथल्या रानातल्या जाळ्यांना इतिहासही आहे. कुरवंड्याचा घाट उतरूनच मोगल सरदार कारतलबखानाचं सैन्य कोकणाकडे निघालं होतं आणि खाली उंबरखिंडीच्या गच्च रानात २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी त्याला कोंडलं. शाळेत ही लढाई आपण वाचलेली असते. ती वाट उतरून बघा. दोन्ही बाजूंच्या झाडोऱ्यात हातभर अंतरावरचा माणूस दिसत नाही, तेव्हा ती लढाई कशी झाली असेल ते समजतं.

२०१२च्या जूनमध्ये मी पुन्हा लागवड केली. रानातून एकही रोप खणून आणलं नाही. करवंदाच्या बिया ताज्या असतानाच रुजतात, ठेवल्या की त्यांची उगवण जाते. म्हणून मे महिन्यात करवंदं खाऊन बिया लगेच पिशव्यांत टोचल्या. निरगुडी, अडुळसा, तगर, जास्वंद यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांबीच्या काड्या मृगात ओल्या मातीत खोचल्या. दहातल्या सात-आठ लागल्या. भूतकेसाच्या काड्या अर्धवट पिकलेल्या घ्याव्या लागतात, अगदी कोवळी काडी कुजते.

खड्ड्याची रीतही इथे उलटी. देशावर आपण झाडाभोवती आळं करतो, पाणी धरून ठेवण्यासाठी. इथे वर तांबडी माती वीत-दोन वीत, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. असा खड्डा खणला की तो पावसाळ्यात हौद होतो. म्हणून दीड फूट खड्डा, तळाचा मुरूम पहारीने फोडलेला, उताराच्या बाजूला पाणी जायला चर आणि झाड जमिनीच्या वर सहा बोटं उंचवट्यावर. दसऱ्यानंतर हाच उंचवटा मोडून त्याचं आळं करायचं, कारण पुढे जूनपर्यंत पावसाची खात्री नाही. त्या आळ्यात पालापाचोळा चार बोटं जाड पसरायचा. गावात पाचोळा पेटवायची सवय आहे. मी माझा जाळत नाही आणि शेजाऱ्यांचाही मागून आणते.

मातीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण पुण्याच्या मैत्रिणी मला दर वर्षी विचारतात. अनंताचं झाड त्यांच्याकडे पिवळं का पडतं? पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण अनंताच्या मुळांना ते घेता येत नाही. त्याला आम्लधर्मी माती लागते. घाटमाथ्यावर शतकानुशतकांच्या पावसाने चुना धुऊन नेलेला आहे, म्हणून माझ्याकडचा अनंत काळसर हिरवा आहे आणि मे-जूनमध्ये घरभर वास देतो. पुण्यात अनंत हवा असेल तर तो कुंडीत, तांबडी माती आणि पानांचं खत घालून लावावा. जमिनीत लावून त्याला दर महिन्याला औषध पाजण्यात अर्थ नाही.

आता छाटणी. झुडपाचं सगळं आयुष्य छाटणीवर आहे, आणि तिच्याच बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात.

लागवडीनंतर तिसऱ्या वर्षी माझी तगर आणि जास्वंद छातीपर्यंत आली. मी मोठी कात्री घेतली आणि सगळ्यांचे शेंडे एका उंचीवर कापले, गोल, नीटनेटके. शेजारच्या आजी बांधावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, वरून नका भादरू. बुडातून काढा. म्हातारं लाकूड काढा, पोरं आपसूक येत्यात." आजींचं आयुष्य भातशेतीत गेलेलं. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, ऐनाचे टाहाळ त्यांनी लहानपणापासून तोडलेले. कुठे तोडलं की झाड फुटतं आणि कुठे तोडलं की रुसतं, हे त्यांना हाताने ठाऊक होतं.

त्या वेळी मी फक्त मान हलवली. दोन वर्षांत त्यांचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं. माझी तगर बाहेरून हिरवी दिसायची, पण फांद्या बाजूला केल्या की आत नुसत्या सुकलेल्या काड्या. फुलं मोजकी, तीही टोकाला. जीवशास्त्राच्या शिक्षिकेला याचं कारण माहीत असायला हवं होतं. फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा कापला की हा दाब जातो आणि कापलेल्या जागेच्या लगेच खालचे चार-सहा डोळे एकदम फुटतात. सगळे शेंडे एका पातळीवर कापले की सगळी फूट त्याच पातळीवर येते. वर पानांचं दाट छत होतं, आत ऊन पोचत नाही, खालची पानं गळतात, बुडातून फूट येणं थांबतं. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच कात्री. असं पाच वर्षं केलं की झुडूप म्हणजे वर हिरवं टरफल आणि खाली लाकडाचा सांगाडा.

वृक्षाचं वय एका खोडात साठत जातं. झुडपाचं तसं नाही. त्याला जमिनीलगत अनेक खोडं असतात आणि तळातून नवी खोडं येत राहतात. जुनं काढत गेलं तर तेच झुडूप पन्नास वर्षं तरुण राहू शकतं. म्हणून दर वर्षी सर्वांत जाड, साल फाटलेली, वर फुलं न देणारी अशी एक तृतीयांश खोडं जमिनीपासून चार बोटांवर कापायची. बाकीच्यांना हात लावायचा नाही. तीन वर्षांत सगळं झुडूप नवं होतं आणि बाग एक दिवसही बोडकी दिसत नाही. आजींच्या परसातली जास्वंद त्यांच्या लग्नानंतर लावलेली आहे. गेली कित्येक वर्षं त्यांच्या देवघरातलं जास्वंदीचं फूल चुकलेलं नाही.

कधी कापायचं, याचं उत्तर झुडूप फूल कुठे धरतं यात आहे. जास्वंद, तगर, मोगरा, शंकासुर यांचं फूल नव्या फुटीवर येतं. त्यांना हंगामाआधी कापलं की फूट वाढते आणि फुलंही वाढतात. धायटी, अनंत यांच्या कळ्या आधी वाढलेल्या काडीवर येतात. त्यांना फुलण्याच्या आधी कापलं की त्या वर्षीची फुलंच आपण कापून टाकतो. म्हणून त्यांची छाटणी फुलं ओसरल्यावर लगेच. "आमचा अनंत फुलतच नाही," असं सांगणाऱ्यांना मी आधी विचारते, कात्री कधी लावली होती? बहुतेक वेळा उत्तर येतं, दिवाळीत, साफसफाई करताना. कुंदही बहर संपल्यावर, फाल्गुनात कापावा. पारिजातकाची फुलं कार्तिकापर्यंत चालतात, त्याची छाटणी फेब्रुवारीत.

मोगऱ्याला तर बहारच धरावा लागतो, द्राक्ष-डाळिंबाच्या बागायतदारासारखा. मार्गशीर्ष संपता संपता मी त्याचं पाणी तोडते. महिनाभर ताण बसतो, पानं मलूल होतात, काही गळतात. बघवत नाही, पण धीर धरायचा. संक्रांत झाली की झुडूप गुडघ्याएवढं ठेवून छाटायचं, उरलेली पानं हाताने ओरबाडून काढायची, बुडाशी हलकं खणून चार-सहा दिवस ऊन लागू द्यायचं, मग दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि भरपूर पाणी. मार्चअखेर पहिली कळी येते आणि चैत्र-वैशाखात ओंजळी भरतात. ताण न देता नुसतंच पाणी घालत राहिलं तर मोगरा पानांनी गच्च होतो आणि फुलं चार.

आषाढ-श्रावणात मात्र कुरवंड्यात कुठलीही मोठी छाटणी करू नये. दिवसेंदिवस ऊन नाही, हवेत ओल इतकी की कपाटातल्या वहाणांना बुरशी येते. झाडाची उघडी जखम त्या हवेत सुकत नाही, काडी वरून काळी पडत खाली मरत येते. वाऱ्याने मोडलेली फांदी तेवढी साफ कापून घ्यावी.

काप कसा घ्यायचा हे शब्दांत सांगायला अवघड, पण प्रयत्न करते. हातातलं सिकेटर धारदार हवं, बोथट पात्याने काडी चेचते. बाहेरच्या दिशेला तोंड असलेला डोळा निवडायचा आणि त्याच्या अर्ध्या सेंटिमीटर वर तिरका काप घ्यायचा. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर न येता पलीकडे ओघळतं. डोळ्यापासून लांब कापलं तर मधला खुंट सुकतो आणि बुरशी तिथूनच शिरते. अंगठ्यापेक्षा जाड खोड कापलं तर त्यावर बोर्डो पेस्ट लावावी. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र. धातूचं भांडं चालत नाही. मिश्रणात विळ्याचं पातं बुडवून बघायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडा वाढवायचा. फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षमळ्यांत १८८०च्या दशकात हे औषध सापडलं आणि आजही घाटातल्या पावसाला त्याच्याइतकं स्वस्त उत्तर माझ्या माहितीत नाही. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना पातं स्पिरिटने पुसावं, विशेषतः जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असेल तेव्हा. अशा फांद्या कापून तिथेच टाकू नयेत.

लहान मुलं किंवा गुरं असलेल्या घरांनी कण्हेर आणि बिट्टी लावताना विचार करावा. दोन्ही दिसायला सुंदर, काटक, पण पान-बी सगळंच विषारी. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकल्याने जनावरं दगावतात. माझ्या दारात दोन्ही नाहीत.

आता कुंपणाचं. गेल्या दहा-बारा वर्षांत कुरवंड्यात बंगले वाढले. प्लॉट घेतला की पहिलं काम जेसीबीचं: करवंदाच्या जाळ्या, निरगुडी, भारंगी, सगळं एका दिवसात साफ. मग भिंत, आणि भिंतीच्या आत ड्युरांटाची सरळ रेघ, जी महिन्यातून दोनदा मशीनने कापावी लागते. माझ्या तीन गुंठ्यांची वई करवंद आणि अडुळशाची आहे. ती वर्षातून एकदा, मेअखेर, करवंदं उतरल्यावर कापते. तळाला रुंद आणि वर निमुळती ठेवते, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळून बुडापर्यंत पानं राहतात. गुरं आत येत नाहीत, माती वाहून जात नाही आणि पावसाळ्यात तिच्यात बुलबुल घरटी करतात. तिला सहा वर्षं लागली भरायला.

इथली इंद्रायणी याच गावाच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे देहू-आळंदीला जाते. तिचं पहिलं पाणी अशाच जाळ्यांच्या मुळांतून झिरपत उतरतं. या भागात जागा घेतलेल्यांना, घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: जेसीबी बोलावण्याआधी एक पावसाळा थांबा. प्लॉटवर काय काय उगवतं ते बघा, गावातल्या एखाद्या आजींना बरोबर घेऊन नावं विचारा, आणि हद्दीवरची करवंदं तरी ठेवा. रोपं हवी असतील तर मृगाआधी या. माझ्याकडे दर वर्षी करवंदाच्या आणि भूतकेसाच्या पिशव्या तयार असतात, पैसे घेत नाही.